मधला टप्पा

रविवारी दुपारी, पोळी-भाजी झाल्यावर आणि श्रीखंड वाढायच्या आधी, अंबिकेला कामावरून काढण्यात आलं. ठराव एकमताने मंजूर झाला. वर गेलेल्या हातांमध्ये तिचा स्वतःचाही हात होता.

हे घडलंच नाही, असं आता आपण धरून चालू. फरासखान्यांच्या घरात सगळ्यांनी तसंच ठरवलंय, आणि घरच्यांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असायचं काही कारण नाही.

तर, शनिवारी सकाळी अंबिका नेहमीसारखी कामावर आली. म्हणजे जिन्यात आली.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या ‘फरासखाने टेंट हाऊस’चे मजले दोन. खाली गोदाम. तिथे धाकटा भाऊ विक्रांत, त्याचे पडदे, बांबू, गाद्या, झुंबरं आणि दिवसभर काहीतरी आपटणारी माणसं. वर ऑफिस. तिथे थोरला भाऊ गोपाळकृष्ण, त्याचे फोन, त्याचा एसी, आणि शिंदे सरकारच्या फरासखान्यात तंबू सांभाळणाऱ्या मूळ पुरुषाचं एक तैलचित्र. चित्रात मूळ पुरुष कमी आणि तंबू जास्त दिसायचा. या दोहोंच्या मध्ये, जिना जिथे वळतो त्या चौकोनात, एक टेबल, एक खुर्ची आणि अंबिका. ती गोपाळकृष्णाहून लहान आणि विक्रांतहून मोठी असल्यामुळे जागा वयाप्रमाणेच पडली होती, असं म्हणता येईल.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांच्या तेराव्याला, घरचं दुःख आणि घरचाच मांडव असताना, गोपाळकृष्ण माणसांदेखत म्हणाला होता की मांडव वाकडा आहे. विक्रांत म्हणाला होता की जमीन उतरती आहे. जमीन मोजून घ्यावी असं ठरेपर्यंत त्या जागेवर एक मोटारसायकलचं शोरूम उभं राहिलं आणि पुरावा नष्ट झाला. तेव्हापासून एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळायचं ते अंबिकेच्या तोंडून.

पद्धत अशी. वरून बेल वाजे. ती वर जाई. गोपाळकृष्ण कागदातून डोकं न काढता म्हणे, “अंबू, त्या महामूर्खाला विचार, देवास रोडच्या मॅरेज गार्डनला माणसं कधी पाठवणार? वरात निघून गेल्यावर?”

ती खाली जाई. “विकी, दादा विचारतोय, देवास रोडला कसं जमतंय? आणि पित्त कसंय म्हणाला.”

“त्याला सांग, माझी माणसं काय उडत जाणार आहेत? गाडी तो देतो का?”

ती वर येई. “निघतायत म्हणाला. गाडीचं तेवढं बघ. आणि गुडघ्याचं विचारत होता.”

“बरंय म्हणावं,” गोपाळकृष्ण म्हणे, आणि तेवढ्यापुरतं डोकं कागदातून बाहेर काढे.

दिवसभरात ‘अंबू’ आणि ‘ताई’ अशा ज्या हाका पडायच्या, त्या सगळ्या या जिन्यात पडायच्या. ऋषिनगरच्या तिच्या एका खोलीत हाक मारायला कुणी नव्हतं. तिथे ती कधीकधी आपली आपणच विचारायची, “अंबूला विचार, चहा टाकू का?” आणि मग, “टाक म्हणाली.” त्यातही ती निरोप्याचंच काम करायची, सवय म्हणून. म्हणून रविवारची सुट्टी तिला आवडत नसे आणि दिवाळीची तर फारच लांब वाटे.

पण शनिवारी गोपाळकृष्णाचा मुलगा अर्णव बंगळुरूहून आला. तो तिथे एका मोठ्या कंपनीत टीम्स दुरुस्त करायचा. टीम बिघडली की याला बोलावत. हा जाऊन सगळ्यांना गोल बसवायचा.

त्याला बोलावणं भाग होतं. मागच्या आठवड्यात घडलेली गोष्ट अजून फ्रीगंजभर सांगितली जात होती. देवास रोडच्या लग्नाला मुलीच्या बापाने बजावलं होतं की पांढरा रंग अजिबात नको. गोपाळकृष्णाने तेच शब्द अंबिकेला दिले. पण ‘अजिबात नको’ हे शब्द अंबिकेच्या तोंडून आजवर कधी जसेच्या तसे खाली पोचले नव्हते. जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांचं ‘जरा कमीच ठेव’ झालं. विक्रांतने पांढरं जरा कमीच ठेवलं. म्हणजे चारी बाजूंना आणि छताला. शिवाय त्याच्या माणसांनी हौसेने प्रवेशद्वारापाशी नवरा-नवरीचा मोठा फोटो ठेवून त्याला हार घातला. पाहुणे आले. फोटोपुढे हात जोडले. दोन मिनिटं खाली मान घालून बसले. काही जण नवरीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून “बहुत बुरा हुआ” म्हणून न जेवता निघून गेले. नवरीच्या एका मावशीला तर हुंदका आवरेना, आणि तिला आधी सगळं माहीत होतं.

“आणि सिंहस्थ तोंडावर आलाय,” गोपाळकृष्ण मुलाला म्हणाला. “अशा टीमला कोण देणार काम? साधूसुद्धा देणार नाही.”

अर्णव संध्याकाळपर्यंत जिन्यात उभा राहिला. हातात मोबाइल. कोण वर गेलं, कोण खाली गेलं, ते बघत. वर आणि खाली फक्त एकच व्यक्ती जात होती, त्यामुळे बघायला फार अवघड गेलं नाही.

“आत्या,” शेवटी तो म्हणाला, “सगळं तुझ्यातून जातं.”

“हो ना,” अंबिका म्हणाली. तिला ती स्तुती वाटली.

“यालाच बॉटलनेक म्हणतात.”

“असं का?” ती म्हणाली आणि त्याला खायला शेव काढून दिली.

पण निहारिका, विक्रांतची मुलगी, सजावटीची डिझाइनं करायची. ती गोदामातून जिन्यात डोकावून म्हणाली, “आत्या, त्याला शेव देऊ नकोस. तो तुलाच काढायला निघालाय.”

“निहा, पर्सनल करू नको,” अर्णव म्हणाला.

“मी कुठे करतेय? तू करतोयस. ती बॉटल आहे का?”

त्या वेळी निहारिका आत्याच्या बाजूने होती, हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. अंबिकेने मात्र शेवेच्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. ‘काढायला’ या शब्दावर तिचा पाय अडखळला होता. ऋषिनगरची ती खोली रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत कशी दिसत असेल, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहायची इच्छाही नव्हती.

रविवारी वर्कशॉप झालं. वरच्या मजल्यावर, गोलात. गोलात बसायला खुर्च्या म्हणून गोदामातून राजा-राणी खुर्च्या आणल्या, लाल मखमलीच्या, सोनेरी सिंहांच्या हातांच्या. लग्नात नवरा-नवरी ज्यावर बसतात त्या. साध्या खुर्च्या एका मुंजीला गेल्या होत्या. गोल पुरा होईना म्हणून शेवटी दोघांचा एक सोफा आणला, आणि नेमका तोच उरला तेव्हा त्यावर गोपाळकृष्ण आणि विक्रांत दोघांना बसावं लागलं. दोघे दोन टोकांना सरकले. मध्ये मखमलीवर ‘शुभ विवाह’ असं जरीने भरलेलं होतं.

मुकादम शैलेंद्र दाराशी उभा होता. अर्णवने त्यालाही बोलावलं होतं, कारण टीम म्हणजे सगळे. त्याने सकाळीच शैलेंद्रकडून वडिलांच्या केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं होतं. ‘ओपन डोअर पॉलिसी’ असं तो म्हणाला होता, आणि शैलेंद्रने त्याचा जो अर्थ लावला तो चुकीचा म्हणता येणार नाही.

“पहिला खेळ विश्वासाचा,” अर्णव म्हणाला. “बाबा, तुम्ही उभे राहा. डोळे मिटा. मागे पडा. काका तुम्हाला झेलतील.”

“भिया, मतलब सच में गिरना है?” शैलेंद्रने विचारलं.

“हो.”

शैलेंद्रने एक गादी आणून मागे टाकली. तंबूवाल्या घरात गादीची कमी नसते.

गोपाळकृष्णाने मूळ पुरुषाच्या चित्राकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि खरंच मागे पडला. गादीवर धप्प आवाज झाला. विक्रांत त्याच्यामागे हाताची घडी घालून उभा होता, हललासुद्धा नाही.

“काका!” अर्णव ओरडला.

“मला निरोप आला नव्हता,” विक्रांत म्हणाला.

अंबिका चटकन पुढे झाली. “विकी म्हणतोय, लागलं का?” तिने गोपाळकृष्णाला उठवत विचारलं.

“मी असं काही म्हणालो नाही,” विक्रांत भिंतीला म्हणाला.

अर्णवच्या डोळ्यांत एकदम चमक आली. टीम्स दुरुस्त करणाऱ्याला बिघाड सापडला की येते तशी. “थांबा. आता दुसरा खेळ. काका, तुम्ही खाली गोदामात जा. बाबा, तुम्ही नेहमीसारखा निरोप द्या. आत्या, तू नेहमी करतेस तेच कर. निहा वर रेकॉर्ड करेल, मी खाली. बास, एवढंच.”

“लपवून?” निहारिकेने विचारलं.

“सगळ्यांसमोर. लपवण्यासारखं काय आहे?”

अंबिकेलाही लपवण्यासारखं काही वाटलं नाही. पोस्टमनला पाकिटावर शिक्का मारायची लाज वाटत नाही. तिने निरोप घेतला, खाली गेली, दिला, उत्तर घेतलं, वर आली, दिलं. मग पाणी प्यायली. तिच्या दृष्टीने खेळ फारच सोपा होता.

सगळे पुन्हा गोलात बसले. भाऊ पुन्हा त्याच सोफ्यावर. अर्णवने वरचं-खालचं रेकॉर्डिंग क्रमाने लावलं.

गोपाळकृष्णाचा आवाज आला, एसीच्या घरघरीसकट: “त्याला सांग, उद्याच्या ऑर्डरचे पडदे धुतलेले नाहीत. हे अजिबात चालणार नाही. पुन्हा झालं तर गोदामाला दुसरा माणूस बघतो म्हणावं.”

मग अंबिकेचा: “विकी, दादा म्हणतोय पडदे एकदा उजेडात बघून घे. घाई नाही. आणि पित्त कसंय विचारलंय. रात्री दही खाऊ नको म्हणाला.”

मग विक्रांतचा: “बघतो म्हणावं. आणि सांग, एसीत बसून त्याचा मेंदू गोठलाय. एवढी हौस आहे तर खाली ये आणि धू स्वतः.”

मग पुन्हा अंबिकेचा: “दादा, बघतो म्हणाला. आणि एसीने गुडघा धरतो का, विचारत होता.”

मोबाइल थांबला. खालच्या रस्त्यावरून एक ई-रिक्षा “महाकाल, महाकाल, महाकाल” करत गेली.

आधी विक्रांतला समजलं. “म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “दह्याचं त्याने सांगितलं नव्हतं?”

तो अंबिकेकडे वळला.

“मी दही सोडलंय, ताई. कधीपासून सोडलंय. कढी केली की ह्या मायलेकी माझ्यासमोर खातात आणि मी बघत बसतो. दादा म्हणाला म्हणून.”

“आणि मी?” गोपाळकृष्णाने पायजमा वर सरकवला. गुडघ्यावर करड्या रंगाची एक पट्टी होती, धुऊन धुऊन सैल झालेली. “हे याने पाठवलं म्हणून मी घालतो. उन्हाळ्यातसुद्धा. अंबू, हे कोणी पाठवलं?”

“टॉवरजवळच्या दुकानात मिळतं,” अंबिका म्हणाली.

“मी विचारलं, कोणी पाठवलं?”

“मी आणलं.”

गोपाळकृष्ण वळला आणि वडिलांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच धाकट्या भावाशी सरळ बोलला. “तू एकदाही विचारलं नाहीस?”

“तू विचारलंस?” विक्रांत म्हणाला.

“मला वाटलं तू विचारतोयस, म्हणून मी आतून... मतलब, माझा राग गेला होता.”

“मग सांगायचं ना!”

“कोणाला सांगू? हिला? ही काय सांगेल काय माहीत! उद्या सांगेल मी तुझे पाय दाबतो म्हणालो.”

“बरोबर. अरे, बरोबर बोलतोयस, दादा. आपल्या दोघांना हिने उल्लू बनवलं.”

“इतकी वर्षं!”

“सीधं बोललो असतो तर कधीच मिटलं असतं. मी सांगतो ना, जमीनच उतरती होती.”

“असेल,” गोपाळकृष्ण म्हणाला. “असू शकते.”

इथे कुणी ऐकलं असतं तर रडलं असतं. इतक्या वर्षांचा तंटा एका ‘असू शकते’वर मिटला. दोघे मखमलीच्या सोफ्यावर मध्ये सरकले होते, गुडघ्याला गुडघा लावून, ‘शुभ विवाह’ झाकून, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला होती. त्या दिशेला अंबिका बसली होती. तिला आधी बरंच वाटलं. ती हसलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की हसणारी ती एकटीच आहे.

“बघितलंत?” अर्णव जवळजवळ उड्या मारत होता. “पाच मिनिटांत ओपन कम्युनिकेशन! बंगळुरूत यालाच तीन दिवस लागतात.”

“पण ते तिच्यावर चिडून बोलतायत,” निहारिका म्हणाली.

“चालतं ना. टीमला एकत्र यायला काहीतरी समान लागतं.”

“अर्णव, हे जरा जास्त होतंय.”

“निहा, देवास रोडचं डिझाइन तुझं होतं. लोकांनी तुझ्या फुलांपुढे हात जोडले.”

 निहारिकेने तीन रात्री जागून ते डिझाइन केलं होतं. तिने आत्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं, आणि मग मोबाइलकडेच पाहत राहिली.

“मी काही बोलू?” अंबिका म्हणाली.

“बोल ना,” अर्णव म्हणाला. “इथे सगळ्यांचा आवाज ऐकला जातो.”

अंबिकेने तोंड उघडलं, आणि तिला कळेना की कोणाच्या वतीने बोलायचंय. तिने दादाकडे पाहिलं, विकीकडे पाहिलं. दोघांनीही तिला काही सांगून पाठवलं नव्हतं. “दादा म्हणतोय...” असं आपोआप निघालं आणि तिथेच थांबलं.

“मी काही म्हणत नाहीये,” गोपाळकृष्ण म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, “अंबू, तू आता आराम कर.”

“कशापासून?”

“म्हणजे... सगळ्यापासून.”

तेवढ्यात निहारिकेच्या आईने घरून डबे पाठवले आणि सगळे पानावर बसले. पोळी-भाजी झाल्यावर अर्णव म्हणाला की निर्णय लगेच कागदावर यायला हवा, नाहीतर टीम पुन्हा जुन्या सवयींवर जाते. “आत्या, तूच लिही ना. तुझं अक्षर चांगलं आहे.”

अंबिकेने हात धुतले आणि लेटरहेडचा कागद घेतला. अर्णवने सांगितलं, तिने लिहिलं: आस्थापनेतील सर्व संवाद यापुढे थेट व्हावा, व त्यातील मधला टप्पा रद्द करण्यात यावा.

“इथे माझं नाव लिहू, की टप्पाच राहू दे?” तिने विचारलं.

“टप्पाच राहू दे. पर्सनल नको.”

“ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा,” अर्णव म्हणाला.

भावांचे हात एकदम वर गेले. शैलेंद्रने दोघे मालक एका बाजूला असल्याचं पहिल्यांदाच पाहिलं, आणि कुठल्या बाजूला जायचं हा त्याचा रोजचा प्रश्न सुटल्यामुळे त्याने दोन्ही हात वर केले. निहारिकेचा हात खूप वेळाने वर गेला, कोपरापर्यंतच. उरला एक. सगळ्यांनी अंबिकेकडे पाहिलं. एकमत व्हायला एकच हात कमी होता, आणि कुणाचं काही अडून राहिलेलं तिला कधी बघवत नसे. तिने पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

मग तिने श्रीखंड वाढलं. विक्रांतने दोनदा घेतलं.

हे घडलं नाही, ते आपण आधीच मान्य केलंय. सोमवारी सकाळी कुणीच त्याबद्दल बोललं नाही. निहारिकेचा मेसेज आला, ‘गुड मॉर्निंग आत्या’, त्यावर एक सूर्योदय आणि एक चहाचा कप. तो मेसेज चौदा जणांच्या ग्रुपवर होता. अंबिकेने त्याला उत्तर दिलं. मग तिने स्वतःला विचारलं, “अंबूला विचार, आज जायचंय का?” उत्तराची वाट पाहत ती खूप वेळ कॉटवर बसली. उत्तर आलं नाही. पण पाय कामाला जायच्या वेळेला आपोआप उठले.

ती जिन्यात आली. टेबल नव्हतं. खुर्चीही नव्हती. तिथल्या फरशीवर टेबलाच्या चार पायांचे चार पांढरे डाग होते, आणि भिंतीवर एक नवी कोरी पत्र्याची पेटी ठोकलेली होती. पेटीला कुलूप होतं आणि वर लिहिलं होतं: ‘सुझाव पेटी. तुमचा आवाज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’

“शैलेंद्र, टेबल कुठंय?”

“बुआजी, वो तो ऑर्डर पे गया. अपने पीछे वाली गली में उठावना है, गुज़रे हुए का फोटो रखने के लिए छोटी टेबल चाहिए थी. अच्छी लगी उनको.”

“आणि ही पेटी?”

“अर्णव भिया लगा के गए. जिसको जो बोलना है, लिख के डालो.”

“किल्ली कोणाकडे?”

शैलेंद्र विचारात पडला. “चाबी तो भिया की जेब में ही रह गई. सुबह इंदौर से फ्लाइट थी उनकी.” मग तिचा चेहरा पाहून त्याने धीर दिला, “आप डालो, बिंदास. कोई नहीं पढ़ेगा.”

वरचं दार आता नव्हतंच. खाली काही आपटायला कुणी नव्हतं, कारण विक्रांतने सगळी माणसं सकाळीच वेळेवर साइटवर धाडली होती. पांढरे पडदे वगळून. इमारत इतकी शांत अंबिकेने कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत विक्रांतने खालून सरळ वर हाक मारली.

“दादा!”

अंबिकेने सवयीने एक पाऊल वर टाकलं.

“बोल रे!” वरून उत्तर आलं, तिच्या डोक्यावरून.

“एसीने गुडघा धरतो का?”

“थोडा धरतो. तुझं पित्त?”

“बरंय.”

“रात्री दही खाऊ नको. अजिबात नको.”

“नाही खात. पडदे उजेडात बघितले मी.”

“घाई नाही.”

अंबिका भिंतीला टेकून उभी राहिली. ‘अजिबात’ सोडलं तर प्रत्येक वाक्य तिचं होतं. शब्द तिचे, त्यांचा क्रम तिचा, ‘घाई नाही’च्या आधी किंचित थांबायची लकबसुद्धा तिचीच. वाक्यं आता वर-खाली आपली आपण ये-जा करत होती, चांगली धडधाकट, कुणाचा हात न धरता. देवास रोडसारखं आता काही होणार नव्हतं. सिंहस्थाचं काम मिळालं तर ते वेळेवर होणार होतं. अर्णवने टीम खरंच दुरुस्त केली होती, यात वाद नाही.

विक्रांत कापडाचे नमुने घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. “ताई, जरा बाजूला होतेस? दादाला रंग दाखवायचेत.” ती बाजूला झाली. थोड्या वेळाने गोपाळकृष्ण, जो कधी खाली उतरत नसे, गुडघा सांभाळत भावाच्या खांद्यावर हात ठेवून उतरला. “अंबू, इथे काय उभी? घरी जा, आराम कर,” तो म्हणाला, आणि भावाशी बोलता बोलता पुढे गेला. खालून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. कशावर हसले ते तिला कळलं नाही. आजवर या इमारतीत कुणी हसलं तर का हसलं, ते तिला आधी माहीत असायचं.

मग शैलेंद्र झुंबराची पेटी खांद्यावर घेऊन आला. “बुआजी, आप बीच में खड़ी हो, माल कैसे जाएगा?”

ती पायरीवर बसली. अंग चोरून, माल जाईल एवढी जागा ठेवून. आपल्याला कुणी कधी काय निरोप दिला होता, ते ती आठवू लागली. दादाने विकीला दिलेले आठवले, विकीने दादाला दिलेले आठवले. लग्नाचे, बारशाचे, बांबूचे, शिव्यांचे. त्या सगळ्यांच्या सुरुवातीला ‘त्याला सांग’ असायचं. ‘तुला सांगतो’ असा एकही सापडेना. तिने पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. मग पिशवीतून कालच्या लेटरहेडचा उरलेला एक कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर घडी केली आणि पेटीत टाकली. कागद आत रिकाम्या पत्र्यावर पडल्याचा आवाज झाला.

*प्रति,*
*मा. व्यवस्थापक (वरचा मजला) व*
*मा. व्यवस्थापक (खालचा मजला),*
*फरासखाने टेंट हाऊस, फ्रीगंज, उज्जैन.*

*विषय : अर्जदाराच्या नावे निरोप मिळण्याबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदार आपल्या आस्थापनेत दीर्घकाळ निरोप पोचवण्याच्या कामी होती. या काळात वरून खाली व खालून वर गेलेल्या निरोपांपैकी एकही अर्जदाराच्या नावे नव्हता, असे आता अर्जदाराच्या निदर्शनास आले आहे. सबब, दोहोंपैकी कोणत्याही एका मजल्यावरून अर्जदाराच्या नावे एक निरोप काढण्यात यावा. मजकुराबाबत अर्जदाराचा आग्रह नाही. जो असेल तो, काहीही फेरफार न करता, आहे तसा स्वीकारण्यात येईल. मधला टप्पा रद्द झाल्यामुळे सदर निरोप पोचवण्यास माणूस उपलब्ध नसेल, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. तशी अडचण असल्यास, निरोप आपणाकडून घेऊन अर्जदारापर्यंत आणून देण्यास अर्जदार स्वतः हजर राहील.*